कांद्याचे बी घरी धरताना



दिवाळीच्या आगेमागे पुष्कळ घरी चाळीतला निवडक कांदा बाहेर निघतो आणि डोंगळ्यासाठी लावला जातो. घरचे बी असले की ऐनवेळी दुकानाच्या दारात उभे राहावे लागत नाही, हे खरे. पण भेसळ झालेले बी रोपात ओळखू येत नाही. ते कळते कांदा काढताना. तोवर खत, पाणी, मजुरी सगळे जमिनीत गेलेले असते. म्हणून कांद्याच्या फुलात काय घडते ते आज पाहू.

गहू, हरभरा, सोयाबीन यांची सोयरीक घरच्या घरी होते. फुलातला पराग बहुधा त्याच फुलाच्या स्त्रीकेसरावर पडतो. शेजारच्या शेतात दुसरी जात असली तरी फारसे बिघडत नाही. कांद्याची रीत निराळी.

डोंगळ्याच्या एका गोंड्यात शेकडो फुले असतात. ती दोन-तीन आठवडे थोडी थोडी उमलत राहतात. प्रत्येक फुलात ६ पुंकेसर आणि मध्ये एक स्त्रीकेसर. पुंकेसर आधी पिकतात आणि पराग सांडून मोकळे होतात. स्त्रीकेसर त्यानंतर तयार होतो. म्हणजे फुलाचा स्वतःचा पराग त्याच्या उपयोगी पडत नाही. तो दुसऱ्या फुलावरून यावा लागतो आणि हे काम मुख्यतः मधमाश्या करतात.

परागकण स्त्रीकेसराच्या टोकावर बसला की रुजतो. त्यातून बारीक नळी खाली बीजांडापर्यंत उतरते. त्या नळीतून दोन नरपेशी जातात. एकीपासून गर्भ तयार होतो. तेच उद्याचे रोप. दुसरीपासून गर्भाची शिदोरी तयार होते. उगवताना कोंब तिच्यावरच जगतो. कांद्याच्या एका बोंडात ३ कप्पे आणि प्रत्येकात २ बीजांडे, म्हणजे फार तर ६ बिया. पराग पोचला नाही तिथे कप्पा पोकळ राहतो.

एवढे ध्यानात आले की पुढच्या गोष्टी आपोआप पटतात.

१) माशीला बांध कळत नाही. तुमचा एन-२-४-१ चा डोंगळा आणि शेजाऱ्याचा बसवंत ७८० चा डोंगळा जवळ असून एकाच वेळी फुलले, तर दोघांचेही बी बिघडते. दोन जातींच्या डोंगळ्यांत निदान एक किलोमीटर अंतर हवे. जमिनीचे लहान तुकडे असताना एकट्याने हे साधत नाही. म्हणून लावणीपूर्वीच शेजारीपाजारी बसून एका शिवारात एकच जात ठरवावी.

२) फुलकिड्यांचा बंदोबस्त फुले उमलण्यापूर्वीच करावा. फुलोऱ्यात विषारी औषध मारले तर माश्या मरतात आणि गोंडे पोकळ राहतात. अगदीच वेळ आली तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी आणि माहीतगाराला विचारूनच फवारावे.

३) चाळीत महिनोन् महिने टिकलेला, बारीक मानेचा, मध्यम आकाराचा, एकसारख्या रंगाचा कांदा निवडावा. जोड आणि जाड मानेचे कांदे बाजूला काढावेत. खाण्याच्या कांद्याच्या पिकात आपोआप डोंगळे येतात, त्यांचे बी मात्र कधीही धरू नये. लवकर डोंगळा येण्याची खोड बियातून पुढे उतरते आणि पुढच्या पिकात डोंगळेच डोंगळे दिसतात.

४) सगळे गोंडे एकदम पिकत नाहीत. काही बोंडे उकलून आत काळे बी दिसू लागले की ते गोंडे सकाळच्या वेळी कापावेत. दोन-तीन तोडण्या कराव्यात. एकदमच कापायचे म्हणून थांबलात तर चांगले बी जमिनीवर सांडते.

५) आता घरातल्या भगिनींसाठी. बी हाती येते चैत्र-वैशाखात आणि रब्बीच्या रोपवाटिकेत पडते दिवाळीच्या सुमारास. मध्ये सबंध पावसाळा जातो. कांद्याचे बी दमटपणा सोसत नाही. साध्या साठवणीत वर्षभरात त्याची उगवणशक्ती बरीच घटते. बी चांगले वाळवून, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावे. डब्यावर जात आणि साल लिहावे. चुलीजवळची किंवा ओल येणाऱ्या भिंतीजवळची जागा टाळावी.

पेरणीपूर्वी १०० बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा. फडके ओलसर ठेवा आणि १२ दिवसांनी उघडा. ७० किंवा जास्त उगवल्या तर बी पेरणीयोग्य समजा. त्याहून थोड्या कमी असतील तर बियाचे प्रमाण वाढवा. निम्म्याहूनही कमी उगवल्या तर त्या बियाचा मोह सोडा. १२ दिवस आणि एक फडके एवढाच याचा खर्च. पण न उगवलेली रोपवाटिका सगळा हंगाम मागे ढकलते.