निर्यात हवी, शेजार नको

दक्षिण दिल्लीतील ऑगस्ट क्रांती मार्गावर केंद्र सरकारची दोन कार्यालये एकमेकांपासून फारशी दूर नाहीत. एक पंचशील भवनातील अन्नप्रक्रिया उद्योग मंत्रालय आणि दुसरे ‘अपेडा’, म्हणजे कृषी व प्रक्रियायुक्त अन्नपदार्थांच्या निर्यातीची जबाबदारी सांभाळणारे वाणिज्य मंत्रालयाचे प्राधिकरण. या दोन्ही ठिकाणच्या दर्शनी भागात बासमती, हापूस, द्राक्षे, मखाणे यांची छायाचित्रे शोभून दिसतात आणि मंत्र्यांच्या भाषणांतही त्यांचीच वर्णी लागते. निर्यातीच्या तक्त्यात मात्र बासमतीच्या आगेमागे दरवर्षी एक असे नाव छापलेले असते की ज्याच्याबरोबर छायाचित्र काढून घेण्याची तयारी कोणत्याही पक्षाच्या मंत्र्याची नसते. ते नाव म्हणजे म्हशीचे मांस.

२०१४-१५ या आर्थिक वर्षात या मांसाने बासमतीलाही मागे टाकले होते. त्या वर्षी सुमारे पावणेपंधरा लाख टन मांस देशाबाहेर गेले आणि त्यातून सुमारे ४.७८ अब्ज डॉलर मिळाले. योगायोग असा की, हे वर्ष सत्तांतराचे होते. त्याच्या आधीच्या प्रचारात नरेंद्र मोदी यांनी मनमोहन सिंग सरकारवर ‘गुलाबी क्रांती’चा आरोप ठेवून कत्तलखान्यांना दिल्या जाणाऱ्या अनुदानावर कडाडून टीका केली होती. सरकार बदलले, निर्यात विक्रमी झाली, आणि त्या विक्रमाचे श्रेय घ्यायला जुने सरकारही पुढे आले नाही आणि नवेही. राजधानीत श्रेयाला वारस नसण्याचा प्रसंग तसा दुर्मीळच.

या उद्योगाविषयीचा एक गैरसमज आधी दूर करायला हवा. भारतातून गाय, बैल आणि वासरे यांच्या मांसाच्या निर्यातीला बंदी आहे. परवानगी आहे ती म्हशीच्या मांसाला, आणि तेही हाडे काढलेल्या. जागतिक आकडेवारीत ते ‘बीफ’ या सदराखाली मोजले जाते आणि त्यामुळे भारताचे नाव ब्राझील, ऑस्ट्रेलिया यांच्या पंक्तीत येते. हे नाव वाचून देशात दर दोन-तीन वर्षांनी एक वादळ उठते. वादळ उठवणाऱ्यांना हा फरक ठाऊक नसतो असे नाही, परंतु तो सांगितल्यास वादळाचा जोर ओसरतो.

खरा प्रश्न आकड्यांच्या आत आहे. २०२०-२१ पर्यंत निर्यात सुमारे ११ लाख टनांवर घसरली. २०२३-२४ मध्ये ती सावरून १३ लाख टनांच्या जवळ आली आणि मूल्य सुमारे ३.७४ अब्ज डॉलर झाले. रुपयांत मोजले तर हा आकडा ३१ हजार कोटींवर जातो आणि २०१४-१५ च्या सुमारे २९ हजार कोटींपेक्षा तो मोठाच भासतो. पण ही वाढ रुपयाच्या घसरणीची आहे. डॉलरमध्ये हिशेब मांडला तर त्या वेळी एका टनाला साधारण ३,२४० डॉलर मिळत होते आणि नऊ वर्षांनंतर साधारण २,८९० डॉलर मिळाले. जगातील सर्वांत मोठा म्हशींचा कळप भारताकडे आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १०.९८ कोटी म्हशी होत्या. तरीही हा देश बाजारात स्वस्त मालाचा पुरवठादार म्हणूनच उभा आहे. गोठवलेले, हाडविरहित, खोक्यात भरलेले मांस जाते आणि त्याचे पुढचे पदार्थ करून नफा कमावणारे कारखाने दुसऱ्या देशांत असतात.

असे का, याचे पहिले उत्तर गोठ्यात सापडते. लाळ्या-खुरकूत हा रोग भारतात अजून मुळातून गेलेला नाही. ज्या देशांत तो नाही, त्यांच्यापैकी बहुतेकांची दारे त्यामुळे भारतीय मांसाला बंद राहतात. निर्यातीच्या कारखान्यांनी यावर शास्त्रीय तोडगा काढला आहे. जनावराची कत्तलीपूर्वी आणि नंतर पशुवैद्यकीय तपासणी होते, मांस किमान २४ तास दोन अंशांहून अधिक तापमानात ठेवून त्याची आम्लता वाढू दिली जाते, पीएच मूल्य सहाच्या खाली गेले की स्नायूंतील विषाणू तग धरत नाही, मग हाडे आणि लसिकाग्रंथी काढून ते गोठवले जाते आणि उणे १८ अंशांत साठवले जाते. शीतगृहे, सांडपाणी शुद्धीकरण, हाडे व चरबी यांवर प्रक्रिया करणारी यंत्रणा हे सारे धरले तर असा कारखाना उभारणे हे लहान भांडवलाचे काम उरत नाही.

या तोडग्याने मलेशिया, इजिप्त, आखाती देश यांच्या बाजारपेठा मिळाल्या. इंडोनेशियाने २०१६ मध्ये आपल्या सरकारी अन्न महामंडळामार्फत भारतीय मांस घेण्यास प्रारंभ केला, तो ऑस्ट्रेलियाच्या मांसापेक्षा हे बरेच स्वस्त पडते म्हणून. चीनने मात्र दार उघडले नाही. मे २०१३ मध्ये पंतप्रधान ली केचियांग दिल्लीत आले असताना म्हशीच्या मांसाविषयी समझोता झाला होता, परंतु तो पुढची कित्येक वर्षे कागदावरच राहिला. दरम्यान, व्हिएतनाम हा भारताचा सर्वांत मोठा ग्राहक झाला. एवढे मांस व्हिएतनामी जनता खात नव्हती, हे हनोईला, बीजिंगला आणि दिल्लीलाही ठाऊक होते. सीमेपलीकडे चोरवाटेने जाणाऱ्या या मालावर चीनने हात आवळला आणि पुढे महासाथीत सीमाच बंद झाल्या, तेव्हा भारतीय निर्यातदारांच्या ताळेबंदात खड्डा पडला. दुसऱ्याच्या चोरवाटेवर उभारलेला व्यापार किती काळ टिकणार, याचा विचार वाणिज्य मंत्रालयाने भरभराटीच्या काळात करायला हवा होता.

रोगनिवारणासाठी केंद्राने पाऊल उचलले हे मान्य केले पाहिजे. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत पंतप्रधानांनी राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाचा आरंभ केला. त्यासाठी १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद होती आणि २०३० पर्यंत लाळ्या-खुरकूत व ब्रुसेल्लोसिस यांचे उच्चाटन हे ध्येय होते. त्या सोहळ्यात अर्थातच गोमातेचा उल्लेख झाला, मांसनिर्यातीचा झाला नाही. लस मात्र दोन्हीकडे सारखीच उपयोगी पडते.

आता भांडवलाकडे. अन्नप्रक्रिया क्षेत्रात शंभर टक्के थेट परकीय गुंतवणुकीला स्वयंचलित मार्गाने वाव आहे. २००९ च्या वित्त कायद्याने मांसप्रक्रियेला प्राप्तिकरात सवलत दिली. अकराव्या पंचवार्षिक योजनेत कत्तलखान्यांच्या आधुनिकीकरणासाठी अनुदानाची योजना आली. मोदी सरकारनेही २०२० च्या जूनमध्ये १५ हजार कोटींचा पशुसंवर्धन पायाभूत सुविधा निधी जाहीर केला, त्यात व्याजावर तीन टक्के सूट दिली आणि दुग्धप्रक्रियेबरोबर मांसप्रक्रियेलाही स्थान दिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुग्धविकासाचा निधी त्यात मिळवून तरतूद २९,६१० कोटींवर नेली आणि मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवली. म्हणजे कागदोपत्री दोन्ही राजवटींनी या उद्योगाकडे पाठ फिरवलेली नाही. फरक इतकाच की आधीचे सरकार ते धीटपणे बोलत नव्हते आणि नंतरचे अजिबात बोलत नाही.

तरीही परकीय भागीदार येथे यंत्रे विकायला येतो, माल विकत घ्यायला येतो आणि भांडवल गुंतवायची वेळ आली की थबकतो. त्याचे कारण कारखान्याच्या फाटकाबाहेर आहे. कोणत्याही प्रक्रिया उद्योगाला कच्च्या मालाची शाश्वती लागते. साखर कारखान्याला उसाची नोंद असते, दूध संघाला संकलन केंद्र असते. मांस कारखान्याचा कच्चा माल आठवडी बाजारातून, दोन-तीन व्यापाऱ्यांच्या हातांतून, ट्रकमधून येतो. तो ट्रक मेरठला किंवा अलिगढला सुखरूप पोहोचेल की रस्त्यात कोणी अडवील, हे कोणत्याही करारात लिहिता येत नाही. म्हैस गोवंश कायद्यात येत नाही, हा युक्तिवाद महामार्गावर रात्री दोन वाजता कोण ऐकून घेणार?

कायद्यानेही ही अनिश्चितता वाढवली. राज्यघटनेने पशुधनाचे रक्षण हा विषय राज्यांकडे दिला, परकीय व्यापार केंद्राकडे ठेवला, आणि कत्तलखाने बहुतेक ठिकाणी महापालिकांच्या ताब्यात राहिले. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली, तीत म्हशीला वगळण्यात आले. मार्च २०१७ मध्ये योगी आदित्यनाथ यांनी उत्तर प्रदेशात अवैध कत्तलखान्यांना टाळे ठोकले. ही कारवाई वरवर उद्योगाविरुद्ध होती. परंतु टाळे लागले ते प्रामुख्याने लहान खाटिकांच्या आणि नगरपालिकांच्या मोडकळीला आलेल्या जागांना. परवाना असलेले यांत्रिक कारखाने कागदपत्रे दाखवून पुन्हा सुरू राहिले. ज्याच्याकडे भांडवल, वकील आणि सांडपाण्याची यंत्रणा होती तो तरला, आणि पिढीजात धंदा करणारा कुरेशी समाजातील लहान दुकानदार मजूर झाला. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राने जनावरांच्या बाजारात कत्तलीसाठी खरेदी-विक्री रोखणारे नियम आणले आणि त्यांत म्हशींचाही समावेश केला. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने दिलेली स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये देशभर लागू केली. पर्यावरण मंत्रालयाच्या या नियमांनी वाणिज्य मंत्रालयाच्या निर्यातीचा पायाच उखडला असता. दोन मंत्रालये एकाच मंत्रिमंडळात बसतात, हे त्या वेळी सांगूनही पटले नसते.

जानेवारी २०२१ मध्ये ‘अपेडा’ने आपल्या लाल मांसाच्या माहितीपुस्तिकेतून ‘हलाल’ हा शब्द काढला आणि आयातदार देशाच्या अपेक्षेनुसार अशी शब्दयोजना केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणपत्र असलेल्या मालाच्या विक्रीवर बंदी घातली, पण निर्यातीच्या मालाला तीतून सूट दिली. त्याच वर्षी केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने हलाल मांसाच्या निर्यातीसाठी अधिकृत प्रमाणनाची चौकट ठरवून दिली. लखनौच्या दुकानात जे निषिद्ध, ते न्हावाशेवा बंदरात आवश्यक. २०२४ साली निवडणूक रोख्यांचा तपशील प्रसिद्ध झाला तेव्हा देणगीदारांत मांसनिर्यातदार कंपन्यांचीही नावे निघाली. पक्षांना त्या पैशाचे वावडे नव्हते.

या साऱ्या राजकारणात ज्याचे नाव निघत नाही तो घटक म्हणजे म्हैस पाळणारा. मांस हा येथे दुधाच्या धंद्याचाच शेवटचा हिशेब आहे. भाकड झालेल्या म्हशीला गिऱ्हाईक मिळते, त्या रकमेत भर घालून शेतकरी नवी म्हैस दावणीला बांधतो, आणि हे चक्र चालू असल्यामुळेच पश्चिम उत्तर प्रदेश, हरियाणा आणि पंजाबात म्हैस ही गायीपेक्षा सुरक्षित ठेव मानली जाते. गायीचा बाजार मोडल्यावर मोकाट जनावरांनी उत्तर प्रदेशातील शेतकऱ्याची पिके कशी उद्ध्वस्त केली, हे २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत सर्वांनी पाहिले. म्हशीच्या बाबतीत तशी वेळ आली नाही, त्याचे श्रेय या नकोशा उद्योगाला द्यावे लागते.

आणि रेडकू? म्हशीला रेडा झाला की त्याला दूध पाजणे हे गरीब घराला परवडत नाही. पारडी वाढवली जाते, रेडकू उपाशी ठेवले जाते आणि अनेकदा काही आठवड्यांतच दगावते. त्याला वाढवून दीड-दोन वर्षांनी विकता आले तर शेतकऱ्याला दुसरे उत्पन्न, कारखान्याला तरुण जनावराचे चांगले मांस आणि चर्मोद्योगाला बरे कातडे मिळू शकते. नर रेडके वाचवून वाढवण्याची केंद्रीय योजना शरद पवार कृषिमंत्री असताना कागदावर आली होती, पण तिने मूळ धरले नाही. परकीय सहकार्याचा खरा उपयोग याच टप्प्यावर आहे. कराराने रेडकू वाढवणे, त्याच्या कानात क्रमांकाचा बिल्ला मारणे, लसीची नोंद ठेवणे, आणि गोठ्यापासून खोक्यापर्यंतचा माग दाखवणे या गोष्टी जमल्या तर टनामागचा भाव वाढण्याची शक्यता निर्माण होते. यंत्रे आधीच आली आहेत. येत नाही ती ही साखळी, कारण ती उभी करायला परकीय कंपनीला गावात जावे लागेल, आणि तेथे तिचा फलक लागल्यावर स्थानिक आमदार कोणत्या बाजूला उभा राहील, याची हमी ना पंचशील भवन देऊ शकते, ना कृषी भवन.

दिल्लीत याचा एक नमुना पाहायला लांब जावे लागत नाही. ईदगाहचा जुना कत्तलखाना न्यायालयाच्या आदेशानंतर २००९ मध्ये गाझीपूरला हलवण्यात आला. यांत्रिक, महापालिकेच्या मालकीचा, चालवायला खाजगी कंपनीकडे दिलेला. सरकारी मालकी, खाजगी भांडवल आणि निर्यातीचे निकष यांची सांगड घालणारा तो राजधानीतला प्रयोग होता. आनंद विहारला गाडी पकडायला जाणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना त्या भागातून जाताना शेजारचा कचऱ्याचा डोंगर तेवढा दिसतो. राज्याच्या पशुसंवर्धन खात्यातून दिल्लीत प्रतिनियुक्तीवर येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी मात्र तो कत्तलखाना अधिक पाहण्याजोगा आहे. मुंबईचे देवनार १९७१ पासून महापालिकेच्या ताब्यात आहे आणि त्याच्या आधुनिकीकरणाची चर्चा वर्षानुवर्षे चालली आहे. तेथे हीच सांगड घालायची की नाही, हा निर्णय मुंबईत व्हायचा असला तरी त्याची निम्मी कागदपत्रे ऑगस्ट क्रांती मार्गावरच पडताळली जातील.