आभाळाचा फोटो फुकट, अर्थ सांगायला मात्र कुणी नाही

कालपासून चार ग्रुपवर एकच फोटो फिरतोय. उपग्रहाचं चित्र, मधे लाल डाग, त्याभोवती कुणीतरी काढलेला गोल आणि खाली "सावधान! महाराष्ट्रावर महासंकट!" तारीख नाही, वेळ नाही. लाल म्हणजे जोरदार पाऊस, असं आपण धरून चाललोय. तसल्या चित्रात लाल म्हणजे ढगाचा माथा फार थंड, म्हणजे ढग उंच. खाली थेंब पडतोय का, हे तो रंग सांगत नाही.

फॉरवर्ड करणारे चुकतात, मान्य. पण ज्यांना हे चित्र वाचता येतं आणि तरी जे आपल्या भाषेत सांगत नाहीत, त्यांची चूक मोठी आहे.

२०१४ आठवा. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्र गारांनी झोडपून निघाला. आमचा काढणीला आलेला हरभरा अर्ध्या तासात मातीत गेला. आदल्या दिवशी आमच्यापर्यंत पोचलेला निरोप काय होता? "तुरळक ठिकाणी हलका पाऊस."

गारपिटीचं मूळ बऱ्याचदा जमिनीलगत नसतंच. पाच-सहा किलोमीटर उंचीवर थंड हवेचा कमी दाब किंवा द्रोणी सरकत येते. खाली उन्हानं तापलेली हवा आणि समुद्रावरून आलेली वाफ असली, की ढग उभेच्या उभे चढतात. जमिनीवरच्या दाबाच्या नकाशात हे नीट दिसत नाही. साध्या चित्रात आभाळ मोकळंही दिसू शकतं. पण इन्सॅटच्या बाष्प-चित्रात ते दिसतं: कोरड्या हवेचा काळा पट्टा वळत, गोल फिरत पुढे येतो. अर्ध्या अर्ध्या तासाची चित्रं ओळीनं लावली की त्याची चालही कळते. इन्सॅट-३डी २०१३ मध्येच वर गेला होता. आज ३डीआर आहे, २०२४ पासून ३डीएस आहे. चित्रं हवामान खात्याच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतात.

हे चित्र गावाचं नाव सांगणार नाही, ते काम शेवटच्या तासा-दोन तासांत रडारचं. पण "उद्या-परवा वर थंड हवा येतेय, कापलेलं शिवारात ठेवू नका" एवढं सांगायला ते पुरेसं आहे.

"शेतकऱ्याला हे झेपणार नाही," असं साहेब लोक म्हणतात. अहो, जो ठिबकमधून ग्रॅममध्ये खत मोजून सोडतो, त्याला काळा पट्टा कळणार नाही?

मागणी साधी आहे. फेब्रुवारी ते मे, रोज संध्याकाळी, जिल्हावार बाष्प-चित्र, त्यावर तारीख-वेळ आणि खाली मराठीत चार ओळी. उपग्रह आपल्याच पैशातून वर गेलाय. त्याला काय दिसतंय, हे नुकसानीच्या पंचनाम्याआधी कळायला हवं.

आणि तोवर तारीख नसलेला फोटो पुढे ढकलू नका.