ओझं गाडीवानाला नको, काट्याला विचारा



ऊसतोडीचा हंगाम आला की आमच्या वयाच्या पोरापोरींच्या मोबाइलवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. उसाने खच्चून भरलेली टायरगाडी चढावर अडलेली, एक बैल गुडघ्यावर बसलेला आणि गाडीवान त्याची शेपटी पिरगाळतोय. खाली शिव्यांची लाखोली. कुणीतरी पोलिसांत जायचंही म्हणतं. राग खरा आहे, पण तो भलत्याच माणसावर निघतोय.

कायदा आहे. १९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे जनावर दिवसात ९ तासांपेक्षा जास्त जुंपता येत नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त तर नाहीच. पारा ३७ अंशांपुढे गेला की दुपारी १२ ते ३ गाडी सोडायची. आरीच्या पराणीला बंदी आहे. ओझ्यालाही मर्यादा आहे. आणि १९६० च्या मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये! एवढ्यात दोघांचा चहा होतो. तोही भरणार कोण, तर पाथर्डी-शेवगाव किंवा बीडकडून आलेला गाडीवान.

त्याला मजुरी टनावर मिळते. मुकादमाची उचल अंगावर असते. गाडी बहुधा कारखान्याची, बैल मात्र त्याचे. खांदेसूज आली तर औषधही त्याचं आणि खाडाही त्याचाच. एका खेपेत चार मोळ्या जास्त टाकाव्यात, हे त्याला दरच शिकवतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी लोणी-हळदीने बैलांचे खांदे मळणारा माणूस हाच, हे शिव्या घालणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

खरं तर व्हिडिओचीही गरज नाही. प्रत्येक गाडी कारखान्याच्या काट्यावर चढते. भरलेलं वजन, रिकामं वजन, मग पावती. बैलांनी किती ओढलं ते कारखान्याला किलोपर्यंत ठाऊक असतं. ऊस गव्हाणीत पडतो, पावती फाइलला लागते, विषय संपतो.

२०२२ मध्ये इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी दोन बैलांच्या मधोमध, जुवाखाली टेकणारं एक चाक बसवलं, म्हणजे मानेवरचा भार जमिनीवर उतरतो. नाव ठेवलं ‘सारथी’. मला ते आवडलं, कारण त्यांनी गाडीवानाला झोडण्याऐवजी बैलाची मान पाहिली. लोणी, संगमनेर, कोपरगावची इंजिनिअरिंग कॉलेजं साखरेच्याच आधाराने वाढली आहेत. तिथल्या मुलांनी असं काही करून आपल्या कारखान्यांच्या गाड्यांना बसवावं. पण माझी एक धास्ती आहे. वजनाची मर्यादा पाळली जात नसेल तर चाक लागल्यावर गाडीत आणखी ऊस भरला जाईल.

म्हणून मर्यादा काट्यावरच हवी. ठरल्यापेक्षा जड गाडी आली तर त्या खेपेची मजुरी कापू नये, नाहीतर मार पुन्हा गाडीवानालाच. उलट बैलगाडीचा वाहतूक दर वाढवावा, म्हणजे कमी भरूनही त्याचं भागेल. खर्च वाढेल, मान्य. आज तो खर्च बैल आपल्या खांद्यावर भरतोच आहे.

माझे वडील एका कारखान्याचे सभासद आहेत. वार्षिक सभेआधी सभासदांना लेखी प्रश्न देता येतो. त्यांची सही घेऊन यंदा मी तो देणार आहे: गेल्या गाळपात काट्यावर आलेली सगळ्यात जड बैलगाडी किती टनांची होती, आणि पावती फाडताना ती कुणाच्या नजरेत आली नाही का?

– एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, जि. अहिल्यानगर