जुगाड म्हणू नका, ड्रॉइंग दाखवा

'जुगाड' या शब्दाचं कौतुक आता पुरे झालं. पाण्याच्या पंपाचं इंजिन बसवलेली गाडी, वॉशिंग मशिनमध्ये घुसळलेली लस्सी, असले फोटो दाखवून कॉर्पोरेट भाषणांत टाळ्या घेतल्या जातात. 'बघा, आपला साधा माणूस किती कल्पक!' असं म्हणणारा वक्ता स्वतः मात्र त्या गाडीत बसत नाही. ती गाडी उलटली तर जबाबदार कोण, तिचा सुटा भाग कुठे मिळेल, दुसरी तशीच कशी बनवायची, हे प्रश्न त्याला पडत नाहीत. कारण जुगाडाकडून कुणाची तशी अपेक्षाच नसते. म्हणूनच हा शब्द मला शिवीसारखा वाटतो. फक्त तो हार घालून दिला जातो.

हे सगळं मला सुचलं ते सायकलच्या एका तबकडीमुळे, म्हणून तिच्याबद्दल सांगतो.

आपल्याकडची काळी, २२ इंची, २८ बाय दीड टायरची सायकल तुम्हाला माहीत आहे. ॲटलस, हीरो, हर्क्युलस, सेन-रॅले. नाव कुठलंही असो, वंश एकच: इंग्लिश रोडस्टर. सेन-रॅले आसनसोलला बनायची, ती थेट रॅलेच्या सहकार्याने. हर्क्युलस बनवणारी टीआय सायकल्स १९४९ साली मद्रासजवळ उभी राहिली, तीही इंग्रज कंपनीच्या भागीदारीत. या सायकलीचा उजवा क्रँक आणि चेनव्हील कारखान्यातच एकमेकांत कायमचे बसवलेले असतात. आधुनिक सायकलीत चार-पाच बोल्ट काढले की दात्यांची कडी वेगळी होते आणि हवी ती बसवता येते. इथे तसं नाही. माझ्या आजोबांच्या सायकलीला पुढे ४४ दाते आहेत आणि मागे १८. हे लग्न कारखान्याने लावलंय. काडीमोडाची सोय नाही.

सांगलीत याने काही बिघडत नाही. विश्रामबागेपासून गणपती मंदिरापर्यंत जा, किंवा मिरजेला जाऊन या. कृष्णाकाठचा सपाट मुलूख, पाय हलवला की सायकल पळते. हिशेब करून पाहा: ४४ आणि १८ दाते, वर २८ बाय दीडचं चाक, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे उत्तमच.

साताऱ्यात हीच सायकल शिक्षा होते. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे निघा, तिथून समर्थ मंदिर, पुढे बोगदा. गाव अजिंक्यताऱ्याच्या अंगावर चढत गेलेलं आहे. साडेपाच मीटरचा प्रत्येक फेरा इथे गुडघ्यातून वसूल होतो. सातारा हे पेन्शनरांचं गाव. त्या पिढीकडे अशा सायकली होत्या, अजूनही पुष्कळ वाड्यांच्या जिन्याखाली आहेत. त्या गंजल्या म्हणून बंद पडल्या नाहीत. मालकाचे गुडघे थकले आणि सायकलीचा गिअर तिथेच राहिला, म्हणून बंद पडल्या. यंत्र शाबूत, माणूस शाबूत, मधला एक आकडा चुकीचा.

तो आकडा बदलायचा पहिला उपाय मागचा आहे. १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २० किंवा २२ दात्यांचं लावा. २२ ने फेरा साडेचार मीटरवर येतो. स्वस्त आणि सोपं. हे न सांगता जो थेट अडॅप्टर विकायला निघेल, त्याच्यापासून सावध राहा. पण साताऱ्याच्या चढाला आणि साठीतल्या पायांना तेवढं पुरत नाही. पुढे ३२ दाते आणि मागे १८ असले, तर फेरा चार मीटरवर येतो. बरं, ३२ दात्यांची कडी बाजारात मिळतेच, कारण माउंटन बाइकला ती सर्रास लागते. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर तेव्हाही अर्धा इंच होतं, आजही अर्धा इंचच आहे. दाते जुन्या चेनमध्ये बिनतक्रार बसतात. अडतं ते फक्त मधल्या जोडावर. नव्या कडीला चार भोकं, १०४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. जुन्या क्रँकला एकही नाही.

या दोघांच्या मधली तबकडी म्हणजे अडॅप्टर. सहा मिलिमीटर जाडीची, मधे एक मोठं भोक, कडेला चार लहान. चित्रात बघितली तर वाटतं, यात काय एवढं? त्यात पुढीलप्रमाणे बरंच काही आहे.

ही तबकडी कशावरून मध्यावर आणायची? बोल्टांवरून आणली, तर बोल्ट आणि भोक यांच्यात जेवढी ढिलाई, तेवढी कडी मध्यापासून सरकणार. अर्धा मिलिमीटर सरकली, तरी प्रत्येक फेऱ्यात चेन एकदा ताठ होईल आणि एकदा लोंबेल. या सायकलीला ताण सांभाळणारी स्प्रिंग नसते, त्यामुळे ढिली चेन उतरते, तीही नेमकी चढावर. म्हणून आधी क्रँकच्या अ‍ॅक्सलच्या भोकात मँड्रेल घालायचा, त्याच्यावर फिरवून चेनव्हीलचा बाहेरचा दात्यांचा भाग उतरवायचा, उरलेल्या भागाला लेथवर एक गोल खांदा काढायचा, आणि तबकडीचं मधलं भोक त्या खांद्यावर घट्ट बसवायचं. मध्य खांदा राखतो, बोल्ट फक्त धरून ठेवतात.

मग जोराचा हिशेब. ७० किलोचा माणूस चढावर पायडलवर उभा राहिला, तर १६५ मिलिमीटरच्या क्रँकवर साधारण ११५ न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. चार बोल्टांत वाटला तर प्रत्येकावर साडेपाचशे न्यूटन, म्हणजे ५५ किलोच्या आसपास. आठ मिलिमीटरच्या बोल्टला हे काहीच नाही. पण दाते कमी केले की चेनवरचा ताण वाढतो. ४४ दात्यांना तो १,३०० न्यूटनच्या आसपास होता, ३२ दात्यांना १,७५० च्या घरात जातो. तेव्हा तीस वर्षांची ताणलेली चेन ठेवून चालणार नाही. नवी घाला आणि सहा कड्या कमी करा. क्रँक धरून ठेवणाऱ्या कॉटर पिनवर मात्र दात्यांमुळे जास्त भार येत नाही, कारण तिथे मोजला जातो तो पायाचा जोर. पण कॉटर मऊ लोखंडाची निघाली, तर तिची सपाट बाजू चेपते आणि प्रत्येक फेऱ्याला 'टुक' वाजायला लागतं. हे ज्याने ऐकलंय त्याला कॉटर पारखून का घ्यायची ते सांगावं लागत नाही.

आता मला सांगा, यातलं जुगाड कुठलं?

मी हे काम घेऊन साताऱ्याच्या एमआयडीसीत एका लेथवाल्या काकांकडे गेलो, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "ड्रॉइंग कुठाय?" मी तोंडी सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. "तोंडी काम मी घेत न्हाई. माप लिव्हा, किती प्लस, किती मायनस ते लिव्हा." त्यांचं शिक्षण दहावीच्या अलीकडचं. हीच तबकडी मी पुण्यातल्या माझ्या कंपनीत दाखवली, तेव्हा बी.ई., एम.टेक. झालेल्यांनी एकमुखाने म्हटलं, "भारी जुगाड केलंयस!" टॉलरन्स मागणारा दहावी नापास, आणि जुगाड म्हणणारे इंजिनिअर. कुणी कुणाला काय शिकवायचं, हे तुम्हीच ठरवा.

याच मित्रांची आणि माझी रोजीरोटी अडॅप्टरवरच चालते, हा यातला विनोद. बँकेची जुनी प्रणाली बोलते एक भाषा, नवं मोबाइल ॲप बोलतं दुसरी. मधे दुभाष्यासारखा एक थर लिहायचा, जुन्याला हात न लावता. सॉफ्टवेअरच्या १९९४ सालच्या एका प्रसिद्ध पुस्तकात या रचनेला 'अडॅप्टर' हेच नाव दिलेलं आहे. आमच्याकडे त्याचं डॉक्युमेंटेशन होतं, रिव्ह्यू होतो, परदेशी ग्राहक त्याचे डॉलर मोजतो. त्याला कुणी जुगाड म्हणत नाही, 'लेगसी मॉडर्नायझेशन' म्हणतात. तेच काम लोखंडात केलं, ग्रीसने हात काळे झाले, की ते जुगाड! जातिव्यवस्था फक्त माणसांतच असते असं नाही. आपण कामांनाही ती लावलेली आहे.

या तबकडीचा दुसरा शत्रू म्हणजे 'ओरिजिनल'वाला. जुनी सायकल दिसली की याचे डोळे पाणावतात. पेंट ओरिजिनल हवा, घंटी ओरिजिनल हवी, चेनव्हीलवर रॅलेच्या बगळ्यांची नक्षी हवी. मग ती सायकल कॅफेच्या भिंतीवर टांगायची आणि खाली कॉफी प्यायची. संग्रहालयाबद्दल माझी तक्रार नाही. पुण्यात कर्वेनगरला जुन्या सायकलींचं खासगी संग्रहालय आहे. तिथली सायकल मुळात होती तशीच राहायला हवी, कारण तिचं काम पुरावा होण्याचं आहे. पण जी सायकल दूध घालायला, शाळेत, शेतावर जायला घडवली, तिला भिंतीवर टांगणं म्हणजे जिवंत माणसाच्या फोटोला हार घालणं. आणि नक्षीचीच काळजी असेल तर तीही सुटते. जुना नक्षीदार चेनव्हील काढून फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. बाजारात त्याच मापाचा साधा नवा चेनव्हील मिळतो, कापायचा तो कापा. उद्या नातवाला मूळ सायकल हवी झाली, तर अर्ध्या तासात परत येईल. चांगल्या अडॅप्टरची हीच खूण: तो काढताही यायला हवा.

तिसरा म्हणतो, "एवढा व्याप कशाला? नवी घे ना." घ्या की. फक्त नवी घेताना विचारा, हिचे भाग वीस वर्षांनी मिळतील का? गेल्या पंचवीस वर्षांत महागड्या सायकलींच्या उद्योगाने क्रँकचा अ‍ॅक्सल जिथे बसतो त्या एका जागेसाठी किती मापं काढली? बीबी३०, प्रेसफिट३०, बीबी८६, बीबी९०, बीबी३८६. प्रत्येक वेळी 'हलकं आणि मजबूत' असं सांगून. त्यातली कित्येक कुरकुर करायला लागली, तेव्हा काही कंपन्या पुन्हा आट्यांकडे वळल्या. म्हणजे दोन लाखांची सायकलसुद्धा दहा वर्षांत अडॅप्टर मागते. जुन्यालाच अडॅप्टर लागतो हा गैरसमज आहे. फरक इतकाच, की तिथला अडॅप्टर चकचकीत डबीत येतो आणि डबीवर जुगाड असं छापलेलं नसतं.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून समिती नेमली आणि पोर्टलही काढलं. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि मोटारगाड्या अशी चार क्षेत्रं धरली. चांगलं केलं. पण देशातला सगळ्यात गरीब माणूस जे वाहन चालवतो, ते यादीत नाही. कारण सायकल तर कुणीही दुरुस्त करतो, असं आपण धरून चाललोय. करतो खरा, पण कुठवर? ३ जून २०२० ला, जागतिक सायकल दिनालाच, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. कारखाना गेला की त्याची ड्रॉइंग्जही जातात. मापं उरतात ती सायकलींच्या अंगावर आणि म्हाताऱ्या मिस्त्र्यांच्या हातात. रॅले स्वतःच्या कारखान्यात एका इंचात २६ आटे पाडायची, बाकीचे इंग्रज कारखाने २४. एक कप आपल्या सायकलीत बसतो आणि दुसरा का बसत नाही, हे ज्या मिस्त्रीला बोटाने कळतं, तो हे कुठे लिहून ठेवतो का?

यावर कुणी म्हणेल, विद्या लिहून ठेवावी लागतेच असं नाही. मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे करायला घेतले, आणि ती कला घराण्यांतून आजवर चालत आली. खरं आहे. पण तिथे मुलगा बापाच्या शेजारी बसला. सायकल मिस्त्रीचा मुलगा आज तिथे बसत नाही आणि त्याने बसावं असा आग्रह धरायचा हक्क मला तरी नाही. ज्या धंद्यात पुढची पिढी येणार नाही, तिथे कागद हाच वारस.

हे सगळं ज्या मुलखात घडतंय, त्याचा विचार केला की जास्त टोचतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानाने. पुढे लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात, तरी ते मागे हटले नाहीत. १९१० साली औंध संस्थानाच्या माळावर, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२२ साली धनजीशा कूपर यांनी साताऱ्याजवळ सातारा रोडला कारखाना काढला, तिथूनही नांगर आणि नंतर इंजिनं निघाली. परक्या देशातलं यंत्र आपल्या मातीला, आपल्या बैलाला, आपल्या खांद्याला जुळवून घ्यायचं, हे या दोन जिल्ह्यांना शंभर वर्षांपूर्वी कळत होतं. आज इथल्या एमआयडीसीत परदेशी गाड्यांचे भाग मायक्रॉनच्या हिशेबात बनतात. आणि आपल्या आजोबांच्या सायकलीला एक तबकडी हवी असली की आपण म्हणतो, बघ काहीतरी जुगाड.

माझी मागणी छोटी आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये प्रत्येक मुलाकडून कानशीने लोखंडाचा एक चौकोनी 'जॉब' घासून घेतात, सही होते आणि तो भंगारात जातो. महाराष्ट्रभर वर्षानुवर्षं हे चाललंय. त्या ऐवजी गावातली एक जुनी सायकल आणा. तिचे आटे, अ‍ॅक्सल, कॉटर, चेनव्हील मोजा. प्रत्येक मापाला प्लस-मायनस लिहा. मिस्त्रीला वर्गात बोलवा, त्याला मानधन द्या आणि ड्रॉइंगवर त्याचंही नाव घाला. मग ते ड्रॉइंग सगळ्यांना फुकट मिळेल असं ठेवा. एका कॉलेजने एका वर्षात दहा सायकली मोजल्या, तरी सातारा-सांगलीतल्या कुठल्याही लेथवाल्याला कुठलीही तबकडी करून देता येईल. माझ्या तबकडीचं ड्रॉइंग मी मापांसकट, कुणीही घ्यावं असं मोकळं ठेवलंय. ते वापरून कुणी धंदा केला तरी हरकत नाही. अट एकच: पाटीवर 'जुगाड' लिहायचं नाही.