दप्तर कुणाचे, किल्ली कुणाची?

1918 साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. गावाचे दप्तर एका घराण्याच्या हातात होते. त्यात काय लिहिले आहे हे रयतेला कळत नव्हते, आणि चूक झाली तर दाद मागायची तीही त्याच दारात.

आज अंगणवाडीचे दप्तर मोबाईलमध्ये आहे. 2021 पासून 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅपवर नोंदी होतात. मोबाईल ताईंच्या हातात, पण अ‍ॅपची किल्ली दिल्लीच्या मंत्रालयात. कोणता रकाना भरायचा, कोणती नवी अट घालायची, हे तिथे ठरते आणि एका अपडेटने देशभरातील लाखो मोबाईलवर लागू होते. ज्या वस्तीत ती अट लागू होणार, तिला कुणी विचारत नाही.

ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी निकृष्ट सरकारी मोबाईल परत केले आणि अ‍ॅप मराठीत मागितले. 'बायकांना तंत्रज्ञान जमत नाही' म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, जमले नाही कुणाला? वापरणारीला, की तिची भाषाही न विचारता अ‍ॅप लादणाऱ्याला?

1 जुलै 2025 पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली. आता नेटवर्क गेले, आधारवरचा फोटो जुना निघाला, की गरोदर बाई दारातच अडते. तिचा हक्क 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला आहे. तो सर्व्हरच्या मर्जीवर टांगायचा अधिकार कुणी दिला?

सरकार म्हणते, चोरी थांबते. मग आठवण करून देतो: याच आहाराच्या पुरवठ्यासाठी महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये काढलेली निविदा सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द केली, कारण तिच्या अटी महिला बचत गटांना बाहेर ठेवून मोठ्या पुरवठादारांची सोय करणाऱ्या होत्या. कॅमेरा मात्र त्या ठेक्यांवर नाही, पाकीट घ्यायला आलेल्या आईच्या तोंडावर रोखलेला आहे.

आमचा विरोध तंत्रज्ञानाला नाही. बाबासाहेबांचे अनुयायी यंत्राला घाबरत नाहीत. यंत्राची मालकी कुणाकडे, हे विचारतात. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. चेहरा जुळला नाही तरी वहीत सही घेऊन आहार द्या. कोणताही बदल लागू करण्याआधी मराठीत कळवा आणि सेविकांचे म्हणणे ऐका. नाकारलेल्या प्रत्येक नोंदीचे कारण लेखी द्या, आणि त्याला जबाबदार अधिकाऱ्याचे नाव अंगणवाडीच्या भिंतीवर लावा.

शाहू महाराजांनी एका घराण्याच्या हातातले दप्तर काढून घेतले. ते आपण दिल्लीच्या सर्व्हरमध्ये पुन्हा कुलूपबंद होऊ द्यायचे का?

जय भीम!