इतिहास, बीजगणित आणि चार शब्द

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या आठवड्यात दहावीतल्या एका मुलीची अम्मी आम्हाला भेटायला आली. बाजाराची पिशवी हातातच होती. म्हणाली, "टीचर, तीन जानेवारीच्या भाषणातून हिचं नाव काढा. इतिहास, बीजगणितात पास झाली तरी पुष्कळ. पुढे घरच तर सांभाळायचंय. चार लोकांसमोर उभं राहून बोलायची काय गरज?"

असे आईबाप दरवर्षी भेटतात. त्यांच्या मनात वाईट काही नसते. आम्ही वाद घातला नाही. "आपा, नाव काढायचं तर काढू, पण थोडे दिवस थांबा," एवढेच म्हणालो.

आधी भाषणाचेच सांगतो. मुलीने विषय घेतला होता सावित्रीबाईंच्या सहकारी फातिमा शेख. मोबाईलवरून तीन पाने उतरवून आणली होती. जन्मतारीख, लहानपण, संवाद, सगळे होते. आम्ही विचारले, "हे कुणी लिहिलं? कधी? कशावरून?" ती म्हणाली, "सगळीकडे हेच आहे, टीचर."

दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाची सुरुवात राजांपासून होत नाही, इतिहासलेखनापासून होते. मुलांना तो धडा रुक्ष वाटतो, पण सगळ्यात कामाचा तोच आहे. सावित्रीबाई आजारपणात माहेरी नायगावला होत्या, तेव्हा 10 ऑक्टोबर 1856 रोजी त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपण नसल्याने फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. हा त्या काळचा कागद आहे. मोबाईलवर फिरणाऱ्या जन्मतारखेला असा आधार नाही. मुलगी हिरमुसली. "मग भाषणात उरलं काय?" आम्ही म्हणालो, "ते पत्र उरलं. आजारी बाईला अंथरुणातही जिची काळजी वाटते, ती सोबतीण कशी असेल, तिथून सुरू कर." तीन पानांचे एक पान झाले. पण ते तिचे स्वतःचे होते, आणि कुणी पुरावा मागितला तर दाखवता येणारे होते.

आता बीजगणित. "क्ष कधी बाजारात भेटतो का?" असे मुले विचारतात. त्यांना आम्ही अल-ख्वारिझ्मीची गोष्ट सांगतो. बगदादच्या या विद्वानाने इसवी सन 820च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातला 'अल-जब्र' हा शब्द पुढे युरोपात बीजगणिताचे नाव झाला. त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटणीचा आहे. मय्यतीनंतर कुणाला किती, हा घराघरातला प्रश्न होता. आपल्या भागातही ही विद्या परकी नाही. आपली गिरणा ज्या जळगाव जिल्ह्यात जाते, तिथे चाळीसगावजवळ पाटणे गावी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. त्यांच्या 'लीलावती'चे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातील फैजीने 1587 मध्ये केले, आणि 'बीजगणिता'चे शाहजहानच्या काळात अताउल्ला रशिदीने. इल्म असा इकडून तिकडे जात राहिला.

वर्गाला आम्ही सांगितले, माहितीतल्या एखाद्या कुटुंबावर वारशाचे उदाहरण तयार करून आणा. या मुलीने आपले आजोळ घेतले. नाना वारलेले; मागे नानी, दोन मामू आणि तिघी बहिणी. कफन-दफन, कर्ज, मेहर आणि वसीयत वजा जाता मालमत्ता 8,00,000 रुपये धरली. नानीचा हिस्सा 1/8, म्हणजे 1,00,000. उरले 7,00,000. एका मुलीचा वाटा क्ष, तर एका मुलाचा 2क्ष.

2क्ष + 2क्ष + क्ष + क्ष + क्ष = 7,00,000
7क्ष = 7,00,000, म्हणून क्ष = 1,00,000.

प्रत्येक बहिणीला एक लाख, प्रत्येक भावाला दोन लाख. ताळा जुळला.

ही वही रात्री अम्मीने पाहिली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शाळेत आली, या वेळी पिशवीत कागद होता. भावांनी पाठवलेले हक्कसोडपत्र. सही करून द्यायचे होते. "ईदीला साडी देतात, प्रेमाने बोलावतात. मागितलं तर नातं तुटेल असं वाटायचं. माझा हिस्सा असा आकड्यात कधी कुणी मांडूनच दाखवला नव्हता," असे म्हणून ती गप्प झाली.

आम्ही सल्ला दिला नाही. तो आमचा अधिकार नाही. हिस्सा घ्यायचा की राजीखुशीने सोडायचा, हे तिने ठरवायचे. पण किती आहे हे कळल्याशिवाय सोडणे म्हणजे राजीखुशी नव्हे. आम्ही मुलीला म्हणालो, "अम्मीला हा कागद वाचून दाखव. फातिमाच्या पत्राला विचारलेस तेच विचार. कुणी लिहिला, कधी, कशासाठी?" मुलीने ओळ न ओळ वाचली. कागदात मोबदल्याच्या जागी काहीच लिहिलेले नव्हते, हे तिनेच दाखवले.

राहिले बोलणे. घरी उर्दू बोलणाऱ्या आपल्या मुलांची जीभ मराठीत 'ळ' आणि 'ण'वर अडखळते; मग हसू होईल या भीतीने ती उभीच राहत नाहीत. आमच्या गावाच्या नावात तर दोन्ही अक्षरे आहेत! उपाय साधा आहे. पाठांतर नको. मुद्दे चिठ्ठीवर लिहावेत आणि इशानंतर घरच्यांसमोर रोज पाच मिनिटे उभे राहून बोलावे. घरच्यांनी मध्ये टोकू नये. चुका शेवटी सांगाव्यात. आधी हळू बोलायला शिकवावे, मोठ्याने नंतर.

या मुलीने तसेच केले. ऐकायला रोज अम्मीच असायची. डिसेंबरात एके रात्री अम्मीने फोन लावला आणि थोरल्या भावाला सांगितले, "भाईजान, सही नंतर. आधी अम्मीजवळ सगळे बसू, हिशेब मांडू, मग मी काय ते सांगेन." आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण झाले, असे मुलगी आम्हाला म्हणाली.

तीन जानेवारीला भाषण झाले. 'ण' एकदा घसरला. अम्मी मागे दाराशी उभी होती. आजोळची बैठक अजून व्हायची आहे, दुआ करा. आणि तुमच्या घरात नववी-दहावीचे मूल असेल, तर आज रात्री त्याची बीजगणिताची वही मागून घ्या आणि एक उदाहरण त्याच्याकडून समजून घ्या.