३८ गोष्टी मोजल्या, ३९ वी का नाही?

गरीब देशांतले कारखाने मागे का राहतात, याचे उत्तर जगभरच्या व्यवस्थापन संस्था शोधत असतात, आणि त्यासाठी भारत ही त्यांची आवडती प्रयोगशाळा आहे. यातला सर्वात गाजलेला प्रयोग आपल्या दारातच झाला. आजच्या पालघर जिल्ह्यातले तारापूर आणि पलीकडे गुजरातच्या हद्दीतले उंबरगाव, इथल्या १७ कापड कंपन्यांत २००८ पासून स्टॅनफर्ड आणि जागतिक बँकेचे अर्थतज्ज्ञ उतरले. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि आज तो जगभर शिकवला जातो.

त्यांनी ३८ व्यवस्थापन पद्धतींची यादी केली. यंत्रांची देखभाल वेळच्या वेळी होते का? कापडातले दोष रोज नोंदले जातात का? सुताचा साठा कोणी मोजतो का? काही कारखान्यांना महागड्या सल्लागारांचा सल्ला फुकट दिला, काहींना दिला नाही, आणि फरक पाहिला. पहिल्याच वर्षी उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. आम्ही हा अभ्यास खोटा म्हणत नाही. उलट, मालकाची बेपर्वाई कामगाराच्या 'आळसा'वर ढकलणाऱ्या आपल्या उद्योगपतींच्या तोंडावर तो मारावा असाच आहे.

पण त्या ३८ मध्ये एक पद्धत अशी आहे, की कारखान्याची जमीन कचरा आणि अडथळ्यांपासून मोकळी असावी. ठीक. ती मोकळी कोण करतो? झाडू कोणाच्या हातात आहे, आणि तो हात कधी मागावर पोचतो का? अंदाज आपण सगळेच करू शकतो. पण शास्त्र अंदाजावर चालत नाही म्हणतात ना? मग मोजा की!

कोणाला कोणत्या खात्यात घेतात, ही ३९ वी गोष्ट यादीत नाही. कापड गिरणीच्या बाबतीत ही चूक लहान नाही, कारण या धंद्यात जात थेट यंत्राला चिकटलेली होती. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण विणकर कसा लावणार? म्हणून साळखात्याचे, म्हणजे विणकामाचे, दार आपल्या माणसांना बंद. पगार तिथेच जास्त. आपली माणसे रिंगखात्यात आणि त्याहून हलक्या कामांवर.

१९२८ साली मुंबईत दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. त्या संपाचे एक मोठे कारण म्हणजे एका विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत, ही मालकांची कार्यक्षमतेची योजना. म्हणजे आजच्या भाषेत ऑपरेशन्स मॅनेजमेंटच! मालक माग मोजत होते, संपाचे पुढारी मजुरी मोजत होते. मागाला हात लावायची मुभा कोणाला, हा प्रश्न बाबासाहेबांना उभा करावा लागला, आणि कामगारांच्या ऐक्याचे गोडवे गाणाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. आजच्या संशोधकांनाही तो अडचणीचाच वाटतो. फरक इतकाच की त्या वेळी पुढारी निदान समोर तरी होते.

आता याच निबंधातला सर्वात बोलका भाग पाहा. कंपनी किती मोठी होणार हे कशावर ठरते? मालकाच्या घरात पुरुष किती आहेत यावर! भाऊ, मुलगा, पुतण्या संपले की कंपनीची वाढही थांबते. बाहेरच्या माणसाच्या हाती किल्ल्या द्यायला मालक धजत नाही. संशोधकांचे उत्तर असे, की बाहेरचा चोरी करील ही भीती, आणि कोर्टात दाद लागायला वर्षे जातात. असेलही. पण घराच्या भिंती कोणी घातल्या? १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात पंचविशीतल्या बाबासाहेबांनी जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात आहे हे दाखवले. जिथे लग्नाचे कुंपण संपते तिथेच विश्वास संपतो, आणि तिथेच तिजोरीची किल्लीही थांबते. तुमच्या मालकाची 'भीती' ही जात आहे का, हे तपासायला नको होते? देशातल्या १,००० मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांची २०१२ साली छाननी झाली, तेव्हा सुमारे ९३ टक्के संचालक उच्च जातींचे निघाले, अनुसूचित जाती-जमाती मिळून ३.५ टक्के. सगळीकडे फक्त कोर्टाच्या दिरंगाईनेच असे घडले म्हणायचे काय?

काही मित्र म्हणतील, जात मोजता येत नाही, मालक चिडतात. मोजता येते. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज फक्त आडनावे बदलून खासगी कंपन्यांना पाठवले. दलित आडनावांना मुलाखतीची बोलावणी लक्षणीय कमी आली. त्यासाठी कुणाला काही विचारावेही लागले नाही. आणि विचारल्यावर मालक चिडत असेल, तर ते चिडणेही निष्कर्षच आहे.

हा केवळ न्यायाचा मुद्दा नाही, हिशेबाचाही आहे. कुवत एकाची आणि काम दुसऱ्याला, अशी वाटणी जन्मावरून होत असेल तर कारखाना तोट्यातच चालणार. बाबासाहेबांनी १९३६ सालीच जातीवर हा आर्थिक आरोप ठेवला होता. ब्लूम यांची मंडळी २०१७ साली त्याच कारखान्यांत परत गेली, तेव्हा शिकवलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटलेल्या होत्या. कारणे सांगितली गेली, व्यवस्थापक बदलले, मालकांना वेळ नाही. मग किल्ली घराबाहेर न देणाऱ्या मालकाला वेळ मिळणार तरी कुठून?

आयआयएममध्ये आणि अभियांत्रिकीच्या उत्पादन विभागांत पोचलेल्या आपल्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे, हा विषय आपला नाही असे मानू नका. पाहणीचा पुढचा तक्ता तुम्ही करा. त्यात हे रकाने घाला : कोणत्या खात्यात कोण, हेल्परचा ऑपरेटर व्हायला कोणाला किती वर्षे लागली, भरती कोणाच्या ओळखीने होते, कंत्राटावर कोण आणि कायम कोण, हात कोणाचा कापला गेला. पहिल्या दिवशी मालकाच्या केबिनमधला चहा घेण्याआधी मुकादमाकडची हजेरीवही मागा. दिली नाही, तर तेही अहवालात लिहा.